वाचकांचे प्रश्न : खर्च साडेसहा कोटी, गल्ला साडेआठ कोटी, तरी तोटा?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा ‘झोडिअ‍ॅक’ (२००७) हा गुन्हेपट माझा अत्यंत आवडता चित्रपट. त्याचा निर्मितीखर्च ६.५ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई जवळपास ८.५ कोटी डॉलर असे सगळीकडे छापलेले आहे. म्हणजे सरळ २ कोटी डॉलर सुटले. तरी जो तो त्याला ‘फ्लॉप’ म्हणतो. यावरून वर्गात वाद झाला. माझी मैत्रीण म्हणते, चित्रपटात दुपटीचा नियम असतो. खर्चाच्या दुप्पट कमावले तरच नफा. सर, आमच्यापैकी कोण बरोबर?

उत्तर : मैत्रीण जवळपास बरोबर आहे, पण पैकीच्या पैकी गुण तिलाही नाहीत. तुम्ही मात्र वाणिज्यच्या विद्यार्थिनी असून दुसऱ्याच्या गल्ल्याला आपला नफा समजलात, त्याचे दोन गुण कापतो. रागावू नका. तीस वर्षं चित्रपटांच्या हिशेबवह्या तपासल्यावर माणूस असाच खवट होतो.

छापून येतो तो ८.५ कोटींचा आकडा तिकीटखिडकीवरचा. प्रेक्षकाने खिशातून काढून दिलेले पैसे. त्यातला पहिला वाटा थिएटरवाल्याचा. अमेरिकेत ढोबळमानाने डॉलरमागे ५० सेंट वितरकाच्या, म्हणजे स्टुडिओच्या हातात पडतात. त्या काळच्या करारांत हे प्रमाण आठवड्यागणिक सरकायचं. पहिल्या आठवड्यात स्टुडिओचा हात वर, मग हळूहळू थिएटरचा. परदेशात कर आणि स्थानिक वितरकाची दलाली जाऊन ४० सेंट आले तरी पुष्कळ. चीनमध्ये बाहेरच्या चित्रपटाला २५ टक्क्यांवर समाधान मानावं लागतं.

आता वही काढा. ‘झोडिअ‍ॅक’चा अमेरिकेतला गल्ला ३.३१ कोटी, त्याचे निम्मे १.६५ कोटी. बाहेरचा गल्ला सुमारे ५.२ कोटी, त्याचे ४० टक्के २.०८ कोटी. बेरीज ३.७ कोटींच्या आसपास. खर्च ६.५ कोटी. म्हणजे जाहिरातीचं एक पोस्टरसुद्धा न छापता चित्रपट २.८ कोटी डॉलरनी खाली आहे.

आणि पोस्टर तर छापावीच लागतात. अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंची संघटना पूर्वी दरवर्षी सरासरी खर्च जाहीर करायची. २००७ सालचे तिचे आकडे असे : एका चित्रपटाचा निर्मितीखर्च ७.०८ कोटी डॉलर, प्रसिद्धी आणि प्रिंटांचा (थिएटरांना पाठवायच्या प्रतींचा) खर्च ३.५९ कोटी डॉलर. त्यानंतर संघटनेने हे आकडे देणंच बंद केलं. आमच्या धंद्यात एखादा आकडा दिसेनासा झाला की तो वाढतोय, असं समजायची पद्धत आहे.

आता मैत्रिणीच्या दुपटीकडे येतो. बेन अ‍ॅफ्लेकचा ‘द टाऊन’ (२०१०) घ्या. बँक लुटणाऱ्या टोळीची गोष्ट. खर्च ३.७ कोटी डॉलर, जगभरचा गल्ला १५.४ कोटी. चौपटीहून जास्त! पेढे वाटायला हरकत नाही, नाही का? अमेरिकेतल्या ९.२२ कोटींचे निम्मे ४.६१ कोटी. बाहेरच्या ६.१८ कोटींचे ४० टक्के २.४७ कोटी. हाती आले ७.०८ कोटी. त्यातून निर्मितीखर्च वजा करा, उरतात ३.३८ कोटी. आता वरचा सरासरी प्रसिद्धीखर्च पुन्हा पाहा : ३.५९ कोटी. या चित्रपटाचा नेमका प्रसिद्धीखर्च सरासरीपेक्षा कमी असेल किंवा जास्त, पण सरासरी धरली तर चौपट धंदा करणारा चित्रपट थिएटरमधून बाहेर पडताना बरोबरीलाही थोडा कमीच पडतो. खरा फायदा पुढे डीव्हीडी आणि टीव्हीतून.

दुपटीचा नियम मोडतो तो इथे. १५ कोटींचा साहसपट असो की ३.७ कोटींचा गुन्हेपट, टीव्हीवरच्या ३० सेकंदांचा दर दोघांना सारखाच. टीव्हीवाला ‘तुमचं बजेट मध्यम आहे, तुम्हाला सवलत’ असं म्हणत नाही. तीच गत रिळांच्या प्रिंटांची. तेव्हा एक प्रिंट दीड हजार डॉलरच्या आसपास पडायची. ‘झोडिअ‍ॅक’ २,३६२ थिएटरांत लागला. थिएटरमागे एकच धरली तरी नुसत्या प्रिंटांचे ३५ लाख डॉलर झाले. निर्मितीखर्च निम्म्यावर आणला म्हणून चित्रपट लोकांना कळवण्याचा खर्च निम्मा होत नाही. मध्यम बजेटचं जुनं दुखणं हेच. छोटा चित्रपट चार शहरांत लावून हळूहळू वाढवता येतो. मोठा चित्रपट खेळण्यांपासून टी-शर्टपर्यंत सगळं विकतो. मधला मात्र मोठ्यासारखा खर्च करतो आणि छोट्यासारखं तोंड वासून पाहत बसतो.

तुमच्या वर्गासाठी आणखी दोन आकडे देतो, कारण ते मला गल्ल्यापेक्षा बोलके वाटतात. ‘झोडिअ‍ॅक’ पहिल्या शुक्रवार ते रविवारी १.३४ कोटींवर उघडला आणि अमेरिकेत एकूण अडीच पटींवर थांबला. ‘द टाऊन’ २.३८ कोटींवर उघडला आणि जवळजवळ चौपटीपर्यंत गेला. पहिला आठवडा जाहिरात आणते, पुढचे आठवडे बघून आलेला प्रेक्षक आणतो. त्या-त्या वर्षीच्या सरासरी तिकिटाने (२००७ मध्ये ६.८८ डॉलर, २०१० मध्ये ७.८९ डॉलर) भागलं तर ‘झोडिअ‍ॅक’ला अमेरिकेत ४८ लाख तिकिटं, ‘द टाऊन’ला १ कोटी १७ लाख. त्यात ‘झोडिअ‍ॅक’ २ तास ३७ मिनिटांचा. थिएटरवाल्याच्या दिवसाचा एक खेळ तिथेच गेला. शिवाय खुनी शेवटपर्यंत सापडत नाही. बाहेर पडणारा प्रेक्षक रांगेतल्या माणसाला काय सांगणार?

आता मला सगळ्यात बोचणारी गोष्ट. ‘झोडिअ‍ॅक’च्या स्टुडिओंकडे थिएटरमधून आले असतील ते अंदाजे ३.७ कोटी, म्हणजे बरोबर ‘द टाऊन’चा निर्मितीखर्च. तेवढ्यात तो बसला असता, तर निदान निर्मितीचे पैसे थिएटरमध्येच फिटले असते. पण मग तो ‘झोडिअ‍ॅक’ झाला असता का? का नसता, ते पुढच्या उत्तरात येईल. चित्रपट तुम्हाला आवडतो यात काहीच चूक नाही. मलाही आवडतो. वहीला आवडत नाही, एवढंच.

प्रश्न : गुन्हेपटात राक्षस नसतात, परग्रह नसतो, युद्ध नसते. चार माणसे खोलीत बसून बोलतात, दोन गोळ्या सुटतात. मग त्याला कोट्यवधी डॉलर लागतातच कशाला? कुठेतरी पाणी मुरत असणार.

उत्तर : पाणी मुरतं हे खरं आहे, आणि मी ते अक्षरशः मुरताना पाहिलं आहे.

एका गुन्हेपटाचा हिशेब माझ्याकडे होता. पटकथेत पाठलागाच्या प्रसंगाआधी एकच शब्द होता : ‘पाऊस’. दिग्दर्शकाला ओला रस्ता हवा होता, कारण ओल्या डांबरावर दिवे पसरतात आणि सगळं दुप्पट महाग दिसतं. त्या एका शब्दाखाली माझ्या वहीत ओळी वाढत गेल्या : टँकर, पंप, उंचावर बांधायचे फवारे, जादा जनरेटर, निसरड्या रस्त्यासाठी वेगळा स्टंट ड्रायव्हर, सगळ्या युनिटला रात्रपाळीचा भत्ता, आणि नायकाचा एकच कोट सहा नग, कारण दर टेकला तो कोरडा लागतो. नायक म्हणून एक चित्रपटभर माणूस एकाच कोटात वावरतो आणि आम्ही सहा कोटांची बिलं लावतो. दुसऱ्या रात्री आकाशातून खराखुरा पाऊस आला आणि पॅकअप करावं लागलं. खरा पाऊस मागून उजेड मारल्याशिवाय कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि भर पावसात ते मोठे दिवे लावणं धोक्याचं. निर्माते छत्रीखाली उभे होते. मला म्हणाले, “अहो, फुकटचा पडतोय तो चालत नाही, आणि विकतच्यासाठी उद्या परत टँकर?” मी मान डोलावली. त्या रात्रीचा भत्ता तरीही द्यावाच लागला.

तुम्ही म्हणता त्या खोलीतल्या चार माणसांचंही तसंच. ती खोली १९६९ सालची असेल तर टेलिफोन, ॲशट्रे, भिंतीवरचा कागद, खिडकीबाहेरून जाणारी गाडी, सगळं १९६९चं लागतं. ‘झोडिअ‍ॅक’मध्ये खऱ्या खुन्याने बेरिएसा तळ्याकाठी केलेल्या हल्ल्याचं चित्रण मूळ जागीच करायचं ठरलं. त्या वेळची ओकची झाडं तिथे उरली नव्हती. तर झाडं हेलिकॉप्टरने आणून उभी केली! सॅन फ्रान्सिस्कोत वॉशिंग्टन आणि चेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर टॅक्सीचालकाचा खून झाला होता. आजचा कोपरा वापरता येईना, म्हणून रस्त्याचा तुकडा निळ्या पडद्यांमध्ये मांडला आणि भोवतीची घरं संगणकावर रचली. प्रेक्षकाला वाटतं, साधा कोपरा आहे, टॅक्सी थांबली. ते तसं वाटावं म्हणूनच पैसे मोजलेले असतात. राक्षसावर केलेला खर्च निदान दिसतो तरी.

उलटाही प्रकार असतो. त्याच चित्रपटात रक्त संगणकावर घातलं. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण फिंचर एकेका शॉटचे डझनांनी टेक घेतो. खरं लाल पाणी वापरलं असतं तर दर टेकनंतर कपडे बदला, चेहरा धुवा, गाडी पुसा. तोवर शंभर माणसं चहाचे कप धरून उभी, आणि मीटर चालू. सेटवर सगळ्यात महाग वस्तू कॅमेरा नव्हे, थांबलेला माणूस.

गोळ्या ‘दोन’ सुटतात असं तुम्ही लिहिलंत म्हणून ‘हीट’ (१९९५) आठवला. खर्च ६ कोटी डॉलर. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतली ती प्रसिद्ध चकमक शनिवार-रविवारीच चित्रित करावी लागली, कारण इतर दिवशी रस्ते कामावर जाणाऱ्यांचे. म्हणजे एका प्रसंगासाठी आठवड्यांमागून आठवडे तीच गाड्यांची रांग पुन्हा लावायची, तीच फुटलेली काच पुन्हा तशीच फुटलेली हवी. त्या चित्रपटाला अमेरिकेत ६.७४ कोटी मिळाले, जगभरात १८.७ कोटींच्या आसपास. तारलं ते परदेशाने. बंदुकीची भाषा भाषांतराशिवाय कळते, हा गुन्हेपटाचा एक मोठा फायदा.

आणि हो, छापलेला खर्च नेहमी पूर्ण नसतो. काही जण सरकारी करसवलत वजा करून आकडा सांगतात, काही न करता. ‘द टाऊन’ बॉस्टनचा. त्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चित्रीकरणावर होणाऱ्या खर्चाच्या २५ टक्के करसवलत मिळते, आणि राज्यात तेवढा कर भरायचा नसेल तर ती सवलत दुसऱ्याला विकता येते. त्यामुळे बजेटचा आकडा वाचला की मी आधी विचारतो, सवलतीच्या आधीचा की नंतरचा? उत्तर द्यायला सहसा कुणी उत्सुक नसतं.

प्रश्न : ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ थिएटरमध्ये आपटला होता असे वाचले. मग आज तो प्रत्येकाने पाहिलेला कसा? आणि त्याचे पैसे वसूल झाले का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, १९९४ साली तो आला तेव्हा खर्च २.५ कोटी डॉलर होता आणि पहिल्या फेरीत अमेरिकेत मिळाले १.६ कोटी. ऑस्करची ७ नामांकनं मिळाल्यावर तो पुन्हा लावला, तरी गाडी २.८ कोटींच्या आसपास अडली. वर मांडलेल्या पद्धतीने निम्मे करून पाहा, म्हणजे त्या वेळी लोकांचे चेहरे कसे झाले असतील ते कळेल.

पुढचं काम केलं व्हिडिओ कॅसेटने. वॉर्नर स्टुडिओने भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी ३ लाख २० हजार कॅसेट पाठवल्या. थिएटरमध्ये न चाललेल्या चित्रपटासाठी हा आकडा वेडेपणाचा होता. पण १९९५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक भाड्याने गेलेल्या कॅसेटांत तो अग्रभागी राहिला. १९९७ पासून टीएनटी वाहिनीने तो पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली. अशा चित्रपटाला लहान मुलगा, आजी, पाहुणे कुणीही मध्येच येऊन बसू शकतं, आणि वाहिनीला नेमकं तेच हवं असतं.

ही दुसरी मिळकत मध्यम चित्रपटांचं पेन्शन होती. डीव्हीडीच्या काळात, २००४ ते २००६च्या सुमारास, ती सगळ्यात तेजीत होती. मग उतरणीला लागली. मॅट डेमनने २०२१ मध्ये एका मुलाखतीत याचा हिशेब सांगितला होता, आणि नटाच्या मानाने तो चोख होता. २.५ कोटींचा चित्रपट. तेवढेच जाहिरातीला. झाले ५ कोटी. थिएटर निम्मे घेणार, म्हणून गल्ला १० कोटी झाल्याशिवाय पहिला डॉलर सुटत नाही. पूर्वी उरलेली भर डीव्हीडी घालायची. ती गेल्यावर असा चित्रपट काढायला कोण धजावणार, असा त्याचा रोख होता.

प्रश्न : मध्यम बजेटमध्ये एवढा मोठा स्टार परवडतो कसा? तो फुकट काम करतो का?

उत्तर : फुकट नाही, उधारीवर. नेहमीच्या मानधनाचा काही भागच आधी घेतो आणि बाकीच्यासाठी उत्पन्नात हिस्सा मागतो. शहाणा स्टार हा हिस्सा गल्ल्यातून, म्हणजे वरच्या वर मागतो. भोळा माणूस ‘निव्वळ नफ्यात’ मागतो आणि म्हातारा होईपर्यंत वाट पाहतो. ‘फॉरेस्ट गम्प’च्या मूळ कादंबरीकाराला निव्वळ नफ्याचे ३ टक्के कबूल केले होते. चित्रपटाने जगभर ६५ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला आणि स्टुडिओच्या वहीत तो तोट्यात निघाला. वह्या मी लिहिल्या आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटत नाही. वितरणाचं कमिशन, व्याज, कार्यालयीन खर्च असं एकेक वजा करत गेलं की निव्वळपर्यंत काही उरत नाही.

स्टारचा खरा उपयोग मात्र शूटिंगच्या आधी होतो. ‘पल्प फिक्शन’ला खर्च आला ८० ते ८५ लाख डॉलर. ब्रूस विलिस पडद्यावर आहे एवढ्या भांडवलावर परदेशातले हक्क १ कोटी १० लाख डॉलरच्या वर विकले गेले. म्हणजे अमेरिकेत पहिलं तिकीट फाटण्यापूर्वीच वही फायद्यात! पुढे तिथे १० कोटींच्या वर गल्ला झाला, तो जवळजवळ निव्वळ आनंद.

पण नाव लावलं की काम झालं असं नाही. ‘ड्राइव्ह’ (२०११) आणि ‘किलिंग देम सॉफ्टली’ (२०१२), दोन्ही गुन्हेपट, दोन्हींचा खर्च १.५ कोटी डॉलर. दुसऱ्यात ब्रॅड पिट. अमेरिकेत पहिल्याला ३.५ कोटी, दुसऱ्याला १.५ कोटी. तिथे सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला ए ते एफ श्रेणी घेते. ब्रॅड पिटच्या चित्रपटाला मिळाला एफ, म्हणजे नापास. ‘ड्राइव्ह’लाही सी-उणे मिळाला होता म्हणा. मिशिगनमधल्या एका बाईंनी तर ट्रेलर पाहून गाड्यांचा धुमाकूळ अपेक्षिला होता, चित्रपटात गाडी फारशी चालतच नाही, म्हणून खटला भरला. जाहिरात खात्याने हे कात्रण भिंतीवर लावायला हवं. समीक्षकांच्या प्रेमावर, कान महोत्सवातल्या दिग्दर्शनाच्या पुरस्कारावर आणि आटोपशीर खर्चावर ‘ड्राइव्ह’ निभावला. हाच चित्रपट ४ कोटींत केला असता, तर आज त्याचं नाव मी वेगळ्या परिच्छेदात घेतलं असतं.

प्रश्न : आता गुन्हेपट थेट ओटीटीवर येतात. त्यांचा हिट-फ्लॉप कसा ठरवायचा?

उत्तर : बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. ओटीटी कंपनी साधारणपणे निर्मितीखर्च अधिक ठरलेली टक्केवारी देऊन चित्रपट कायमचा घेते. निर्मात्याला तोटा नाही, आणि चित्रपट कितीही पाहिला गेला तरी वरचा पैसाही नाही. २०१९ मध्ये ‘द आयरिशमन’ थोड्या थिएटरांत लागला, पण नेटफ्लिक्सने त्याचा गल्ला जाहीर केला नाही. खर्च म्हणून १५.९ कोटी डॉलरचा आकडा फिरत राहिला. त्याच्या समोरचा रकाना रिकामाच आहे. अशी वही मी तपासायला घेतली असती तर पहिल्याच पानावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करून परत पाठवली असती.